व्हॅनप्रस्थ

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती राहणाऱ्या मराठी पुरुषाला पन्नाशीच्या आसपास काहीतरी होतं. घराचं कर्ज निम्म्यावर आलेलं असतं, पोरगी कॉलेजला जायच्या बेतात असते आणि ऑफिसात वयाने लहान असलेला साहेब पाठीवर हात ठेवून "सगळं बरं चाललंय ना?" असं विचारायला लागलेला असतो. मग कुणी मॅरेथॉन पळतो, कुणी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात शिरतो, कुणी घरी पाव आंबवायला घेतो. उरलेले व्हॅन घेतात.

या उरलेल्यांपैकी एक म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आमचे भाऊजी. त्यांचं नाव सांगत नाही, कारण गरज नाही. फ्रीमाँटपासून सनीवेलपर्यंत कुठल्याही मंडळाच्या गणपतीला जा, मोदकांच्या रांगेत एक गृहस्थ दुसऱ्याला फोनवर प्लायवूडचे फोटो दाखवत असतो. तेच ते.

तयार कॅम्पर व्हॅन विकत घेणाऱ्यांविषयी भाऊजींना तेच वाटतं, जे माझ्या आजीला विकतच्या चकलीविषयी वाटायचं. भाऊजींनी घेतली ती मालवाहू, रिकामी, पत्र्याची व्हॅन. आधी ती एका फुलवाल्याची होती. मग दीड वर्ष शनिवार-रविवार ते तिच्या पोटात असायचे. जेवायला हाक मारली की आतून ड्रिलचा आवाज यायचा, एवढीच ते हयात असल्याची खूण. भिंतीत मेंढीची लोकर भरली, छताला पंखा बसवला, टपावर सोलर पॅनेल चढवले, बाकाखाली लिथियमची बॅटरी ठेवली आणि शेवटी नाव दिलं 'पुष्पक'. कॅलिफोर्नियात पैसे भरून मनासारखी नंबरप्लेट घेता येते, पण अक्षरं सातच मावतात. पुष्पकची इंग्रजीत बरोब्बर सात होतात. हा योगायोग भाऊजी अजून ऐकवतात, आणि ऐकणाऱ्याने बोटांवर मोजून खात्री करेपर्यंत थांबतात.

"आता काय, मनात आलं की निघायचं," ते म्हणायचे. हे तेवढं खरं नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी उद्यानांतल्या मुक्कामाच्या जागा सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या चांगल्या जागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जातात. म्हणजे जुलैमध्ये मनात यायचं असेल तर ते जानेवारीत यावं लागतं, आणि तेही सकाळी आठला. त्या दिवशी भाऊजी दोन लॅपटॉप, एक फोन आणि पोरीचा शाळेचा संगणक मांडून बसले होते. शेजारी ऑफिसची मीटिंग चालू होती, आवाज बंद करून. जागा मिळाल्यावर त्यांनी जी आरोळी ठोकली, ती मात्र आवाज चालू असलेल्या लॅपटॉपवर ठोकली गेली, असं ताई सांगते.

बेत असा होता: पॅसिफिकच्या कडेने हायवे एकने उत्तरेला जायचं, लेगेटला आत वळायचं आणि मग रेडवुडच्या जंगलांतून वर ऑरेगनच्या हद्दीपर्यंत. मी पुण्याहून आले होते. भाऊजींच्या आई, माई, सहा महिन्यांसाठी म्हसवडहून आल्या होत्या. भाची सोळा वर्षांची, कानात बोळे घातलेली. गाडीत पट्टे पाच, माणसं पाच. पुराणातल्या पुष्पकात कितीही जण बसले तरी एक जागा रिकामी उरायची म्हणतात. या पुष्पकात माझ्या हँडबॅगेसाठी चौकशी समिती बसली.

व्हॅनमध्ये शिरण्याचे नियम असतात आणि ते प्लास्टिकच्या कागदात बंद करून दाराला लावलेले असतात. बूट बाहेर. दार आपटायचं नाही, लोटायचं. कप्पा उघडल्यावर बंद झाल्याचा 'टक' असा आवाज ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. ओला टॉवेल कुठे वाळवायचा, याचा वेगळा मुद्दा, उपमुद्द्यांसह. आणि बाकाखालून ओढून काढायचा एक संडास आहे. पाहुण्यांना व्हॅन दाखवताना भाऊजी तो अगदी शेवटी काढतात, दोन पावलं मागे सरकतात आणि बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. तो वापरायचा मात्र नसतो. तो आणीबाणीसाठी आहे. आणीबाणी कशाला म्हणायचं ते भाऊजी ठरवणार.

"चुलीपासनं हातभर लांब?" माईंनी एकदाच विचारलं. "मी नाय वापरायची. तुजी आनीबानी तुलाच लखलाभ."

या माणसाचं खरं दैवत मात्र वेगळं आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक छोटा पडदा आहे. त्यावर बॅटरी किती टक्के भरली आहे तो आकडा दिसतो. समुद्र, डोंगर, सूर्यास्त, बायको, हे सगळं त्या आकड्याच्या खालोखाल. व्हॅनमध्ये गॅस नाही, विजेची शेगडी आहे, त्यामुळे स्वयंपाकाचा हिशेबही टक्क्यांत. चहा ३ टक्के. पिठलं ४. पाच माणसांचा भात ८. थालीपिठांचा विषय ताईने काढला तेव्हा भाऊजींनी गाडी बाजूला घेतली.

"एकेक थालीपीठ सात-आठ मिनिटं! पाच माणसांची! तू गणित कर ना."

"अहो," ताई म्हणाली. ताई त्यांना नावाने हाक मारते. 'अहो' फक्त संतापली की.

"आमच्याकडं बाजार रुपयानं करत्यात," माई मला म्हणाल्या, "ह्यो टक्क्यानं करतोय."

गोल्डन गेटचा पूल ओलांडला तोवर ऊन होतं. पुढे बोडेगा बेपासून धुकं लागलं आणि ते काही हटलं नाही. जुलै महिना, आणि आम्ही स्वेटर घालून बसलेलो. माईंच्या अंगावर नऊवारी, वर नातीचं जाड जाकीट, डोक्याला कानटोपी, पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. हे इथलं रोजचंच आहे. किनाऱ्याजवळचं समुद्राचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं, आतली खोरी तापतात, आणि ती तापली की समुद्रावरचं धुकं जमिनीकडे ओढलं जातं. अर्धा दिवस, कधी अख्खा दिवस सूर्य दिसत नाही. मला ते फार आवडलं. रस्त्याची एक कड दिसते, तिच्याखाली समुद्र फक्त ऐकू येतो, मध्येच एखादा काळा खडक वर डोकं काढतो. भाऊजी स्टिअरिंगवर पुढे वाकून आभाळाकडे बघत होते. टपावरच्या पॅनेलना काही म्हणजे काही मिळत नव्हतं. अर्थात गाडी चालू असली की इंजिनावरून बॅटरी भरते, पण त्यात त्यांना मौज वाटत नाही. डिझेलची वीज म्हणजे उसनी. उन्हाची वीज ती कमाईची.

फोर्ट ब्रॅगला एक काचांचा किनारा आहे. गावाने १९६७पर्यंत आपला कचरा तिथे समुद्रात लोटला, आणि समुद्राने बाटल्या घासून-घासून त्यांचे रंगीत खडे करून परत दिले. आता लोक लांबून ते बघायला येतात, आणि खडे उचलू नका अशी पाटी आहे. माईंनी वाकून एक हिरवा खडा निरखला, जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या वड्यात टाकलेलं अजून तसंच हाय." भाऊजी तोपर्यंत गाडीतळावर पॅनेल फडक्याने पुसत होते, धुक्यात.

त्यापुढे रस्ता समुद्राला सोडतो. सोडावाच लागतो. उत्तरेला किंग रेंजचे डोंगर पाण्यातूनच उठल्यासारखे उभे आहेत. समुद्रापासून पाच किलोमीटरच्या आत १२०० मीटरची उंची. रस्ता बांधणाऱ्यांनी तिथे हात टेकले आणि हायवे आत वळवला. उरलेल्या किनाऱ्याला 'लॉस्ट कोस्ट' म्हणतात. लेगेटपर्यंतचा हा आतला रस्ता म्हणजे नुसती वळणं. पहिल्या पाच मिनिटांत 'टक' न वाजलेला एक कप्पा कुणाचा ते समजलं, कारण मिसळणाच्या डब्यातली हळद माझ्या मांडीवर आली. भाचीचा चेहरा पांढरा पडला. "आणीबाणी!" ताई ओरडली. भाऊजींनी आरशात बघितलं, विचार केला, विचार चालूच ठेवला. तोवर पोरीने दार लोटून (आपटून नव्हे) रस्त्याच्या कडेला प्रश्न निकाली काढला होता.

लेगेटला शँडेलियर ट्री आहे. जिवंत रेडवुड, आणि त्याच्या बुंध्यात १९३०च्या दशकात पाडलेला बोगदा: ६ फूट रुंद, ६ फूट ९ इंच उंच. मोटारीतून झाडाच्या आरपार जायचं, फोटो काढायचा. अशी दोन-चार झाडं या पट्ट्यात कोरली गेली. आमचं पुष्पक पंख्यासकट जवळजवळ दहा फूट उंच. हे भाऊजींना अर्थातच आधीपासून माहीत होतं. त्यांची सगळी मापं पाठ असतात, पोरीच्या उंचीचं सोडून. म्हणून त्यांनी तिथे पोचायच्या आधीच नैतिक भूमिका घेतली.

"हे मुळात चूक आहे. हजारो वर्षांच्या झाडाला भोक पाडायचं, कशासाठी? गाडी घालायला? हा माणसाचा अहंकार आहे."

"आपली मावली असती तर?" भाचीने कानातला एक बोळा काढून विचारलं. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

भाऊजींनी उत्तर दिलं नाही. रांगेत आमच्या बाजूला यूबा सिटीचे एक सरदारजी आणि त्यांच्या पत्नी जुन्या कोरोलात बसले होते. ताईने काच वाजवली, दोन शब्द हिंदीत झाले, आणि पुढच्या मिनिटाला ताई आणि माई मागच्या सीटवर. सरदारजींनी दोन्ही बाजूंचे आरसे मिटले. गाडी बोटाबोटाने आत सरकली. माईंनी खिडकीतून हात बाहेर काढून झाडाच्या आतल्या अंगाला तळवा लावला आणि गाडी बाहेर पडेपर्यंत तो तसाच घासत नेला. भाऊजी बाहेरून सोबत चालत होते, वाकून, चाकांकडे बघत.

"दोन्ही बाजूंनी किती राहिलं होतं?" ताई उतरताच त्यांनी विचारलं.

"अहो, मी डोळे मिटले होते."

लेगेटच्या पुढे 'अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स' हा जुना रस्ता सुमारे ५० किलोमीटर रेडवुडमधून जातो. वर्णनाच्या फंदात मी पडत नाही. बऱ्याच लोकांनी केलं आहे आणि ते सगळं कमी पडतं. एवढंच सांगते की आपला राजाबाई टॉवर ८५ मीटर आहे आणि इथे त्याहून उंच झाडं गल्लीतल्या नळकोंडाळ्यावर उभं राहावं इतक्या सहजपणे उभी आहेत. सगळ्यांत उंच झाड, हायपेरियन, सुमारे ११६ मीटर. ते २००६ साली सापडलं, लोकांनी पायांखाली आजूबाजूचं सगळं तुडवलं, म्हणून २०२२पासून तिथे जायला बंदी आहे. सापडलात तर ५००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. ऐकून माई म्हणाल्या, "बरं केलं. एवढ्या उंचाला दिष्ट लागती."

आता गंमत अशी आहे की या झाडांना उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. ती धुकं पिऊन जगतात. फांद्यांच्या टोकांवर धुकं साचतं, थेंब होतात, खाली मुळांशी गळतात. वर्षभराच्या पाण्यातला तिसरा हिस्सा असा येऊ शकतो. म्हणजे ज्या धुक्याने भाऊजींचे पॅनेल दोन दिवस उपाशी ठेवले, त्याच्यावरच ही झाडं पोसलेली. आणि इतकी पोसलेली की धुकं विरून वर लख्ख ऊन पडलं तरी ते खाली उतरू देत नाहीत. आमचा मुक्काम होता त्या बर्लिंग्टनच्या तळावर भर दुपारी दोन वाजता संध्याकाळचा उजेड होता. लोक माना वर करून, तोंड उघडं टाकून हळूहळू फिरत होते. भाऊजीही मान वर करून फिरत होते, पण ते भोक शोधत होते.

आकडा ७१वर आला. विजेची जोडणी देणारे खासगी तळ वाटेत होते, पण खांबाला वायर लावणं म्हणजे दीड वर्षाच्या तपश्चर्येवर पाणी. मग त्यांनी घडीचं पॅनेल काढलं, काखेत मारलं आणि उन्हाच्या कवडशाच्या मागे निघाले. कवडसा ताटाएवढा. तो सरकला की भाऊजी सरकायचे. शेजारच्या तंबूतल्या दोन मुली त्यांच्या मागोमाग चालायला लागल्या. त्यांना तो खेळ वाटला.

"म्हसवडात एवढं ऊन फुकट जातंय," माई खुर्चीत बसून म्हणाल्या, "थोडं पोत्यात भरून आनलं असतं."

तळाजवळच्या माहिती केंद्रात एक गाडी ठेवली आहे. तिच्याविषयी मला आधी काही ठाऊक नव्हतं आणि ती बघण्यासाठी पुन्हा जायला मी तयार आहे. चार्ल्स केलॉग नावाचा एक माणूस होता, पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारा, रंगमंचावर त्याचे कार्यक्रम करणारा. त्याने १९१७ साली आडव्या पडलेल्या रेडवुडचा सुमारे २२ फुटांचा ओंडका घेतला, आतून कोरून पोकळ केला, नॅश क्वाड ट्रकवर बसवला आणि त्यात राहत देशभर फिरला. रेडवुड वाचवा, हे सांगत. बाहेरून नुसतं खोड. खोडाला खिडकी, खोडाला दार, आत झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय. जोड नाही, सांधा नाही, एकच लाकूड.

भाऊजींनी त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातली. मग उलटी घातली. मग गुडघ्यांवर बसून खालून बघितलं. तिथल्या स्वयंसेवक आजोबांना त्यांनी विचारलं, भिंती किती जाडीच्या, पाण्याची टाकी कुठे, वजनाचं काय. आजोबांना बऱ्याच वर्षांनी असा श्रोता मिळाला असावा. दोघं बोलत राहिले. ट्रकची चारही चाकं इंजिनावर चालायची हे कळलं तेव्हा भाऊजींचा चेहरा उतरला. पुष्पकाची दोनच चालतात. जास्तीचे पैसे वाचवायला तेव्हा दोन चाकी घेतली, हे शल्य त्यांच्या मनात आहे, आणि आता १९१७च्या एका शिट्टी वाजवणाऱ्याने त्यावर बोट ठेवलं होतं.

त्याच दिवशी मी त्यांना ज्युलिया बटरफ्लाय हिलची गोष्ट सांगितली. १९९७च्या डिसेंबरात ती इथल्याच एका रेडवुडवर चढली, ते झाड तोडू नये म्हणून, आणि ७३८ दिवस खाली उतरली नाही. जमिनीपासून पन्नासेक मीटरवर दोन फळ्या टाकल्यासारखा माळा, वर ताडपत्री, वादळं, थंडी. भाऊजींनी सगळं मन लावून ऐकलं.

"फोनचं काय करायची?"

"सोलरवर चार्ज व्हायचा म्हणे."

"बघ!" भाऊजी ताईकडे वळून म्हणाले. "वर जायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आकडा ४६. आम्ही सगळे झाडांखाली पाय पसरून बसलो होतो, कुणाला काही करायचं नव्हतं, आणि तेवढ्यात भाऊजी टाळ्या वाजवत आले. "चला, यूरेका बघून येऊ! छान जुनी घरं आहेत." इतका उत्साह संशयास्पद होता. यूरेका तासाभरावर. तिथे जायचं म्हणजे खुर्च्या मिटा, भांडी कोंबा, कप्पे टकटक बंद करा, चाकांखालचे ठोकळे काढा. हे ठोकळे म्हणजे वेगळं पुराण आहे. रात्री व्हॅन अगदी सपाट हवी, म्हणून मुक्कामाला पोचलं की फोनवरच्या पाणसळीत बुडबुडा मधोमध येईपर्यंत ते गाडी पुढे-मागे घेतात, आणि आम्ही बाहेर उभं राहून "अजून, अजून, बास, गेलं!" ओरडतो. ते सगळं मोडून आम्ही यूरेकाला गेलो. जुनी घरं गाडीतूनच बघितली, कारण इंजिन बंद करणं भाऊजींच्या जिवावर आलं होतं. परत आलो, आकडा ८३, आणि बुडबुड्याचा कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून.

फाउंडर्स ग्रोव्हमध्ये एक झाड आडवं पडलं आहे, डायरव्हिल जायंट. सुमारे ११० मीटर होतं. १९९१च्या मार्चमध्ये, आधीच पावसाने जमीन भिजलेली असताना कोसळलं. लांबवर राहणाऱ्या कुणाला वाटलं, आगगाडीचा अपघात झाला. या झाडांची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात, एकमेकांत गुंततात. त्याचं उपटलेलं मूळ उभ्या भिंतीसारखं समोर आहे आणि माणूस त्यापुढे हास्यास्पद दिसतो. माई त्याच्या कडेकडेने चालत गेल्या, एका हाताने खोडाला धरून. टोक येईचना. मध्येच बसल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा निघाल्या. परत आल्यावर नातीला म्हणाल्या, "ह्याच्यात आमच्या वाड्याची तुळयासकट सगळी आळी झाली असती." भाऊजी मात्र वर बघत होते. एवढं झाड पडल्यामुळे छतात मोठं खिंडार होतं आणि त्यातून धो-धो ऊन येत होतं.

"इथे कॅम्पिंगला परवानगी नाही का?" त्यांनी विचारलं.

भांडी घासण्यावरून एक प्रकरण झालं ते सांगायला हवं. टाकी ७५ लिटरची. भाऊजींनी पाण्याचं रेशनिंग लावलं होतं आणि ताईने घासलेल्या प्रत्येक वाटीमागे ते "हां, हां, बास" करत उभे असायचे. तिसऱ्या दिवशी माईंनी पदर खोचला. माणदेशातल्या बाईला पाणी वाचवायला शिकवणं म्हणजे काय, हे मुलाला खरं तर कळायला हवं होतं. त्यांनी आधी कागदाने ताटं कोरडी पुसली, मग एका तांब्यातल्या पाण्यात पाच ताटं, वाट्या, पातेली, तेच पाणी धरत धरत, स्वच्छ पुसून उपडी केली. शेवटी तांब्यात चार बोटं पाणी शिल्लक होतं. त्यात पाय धुतले. भाऊजी आत टाकीच्या आकड्याकडे बघत होते. तो हललाच नव्हता. संध्याकाळी त्यांनी बाक उचकटला आणि रात्री उशिरापर्यंत डोक्याला दिवा लावून पालथे पडून राहिले. त्यांची खात्री होती की सेन्सर बिघडला.

एल्क प्रेअरीच्या मुक्कामात उघडं कुरण आहे, म्हणून भाऊजींनी ती जागा जानेवारीतच, सावल्यांचा अभ्यास करून पकडली होती. सकाळी धुकं, पण अकरानंतर ऊन. आकडा चढायला लागला, माणूस गाणं गुणगुणायला लागला. कुरणात एल्क बसलेली. आपल्या सांबरापेक्षा बरीच थोराड, शिंगं सांभाळत निवांत रवंथ करणारी. सगळं नीट चाललं होतं, आणि माईंनी चिवड्याचा डबा काढला.

माई जेवणाआधी कावळ्याला घास ठेवतात. म्हसवडला ठेवतात, फ्रीमाँटला ठेवतात, इथेही दगडावर ठेवला. क्षणात तुरेवाले निळे पक्षी आले, स्टेलर्स जे, मग काळेभोर डोमकावळे. माई खूश. तोवर भाची दोन्ही कानांतले बोळे काढून धावत आली.

"माई, नको! बोर्ड वाच ना, एक कणपण सांडायचा नाही!"

आणि मग त्या पोरीने, जी तीन दिवसांत तीन वाक्यं बोलली नव्हती, आजीला सगळं समजावून सांगितलं. मार्बल्ड मरलेट म्हणून एक छोटा समुद्रपक्षी आहे. दिवसभर समुद्रात मासे पकडतो आणि अंडं घालायला कित्येक किलोमीटर आत, या जुन्या झाडांवर येतो. घरटं बांधत नाही. उंच फांदीवरच्या शेवाळात एकच अंडं. हा पक्षी अंडं घालतो कुठे, हेच १९७४पर्यंत पक्षीतज्ज्ञांना उलगडलं नव्हतं. आता त्याची संख्या घटली आहे. माणसाच्या खरकट्यावर कावळे आणि निळे जे जमतात, आणि जमले की वर चढून ते अंडं शोधून खातात. म्हणून तळावर कण सांडायचा नाही.

"म्हंजे माज्या घासापायी कुनाचं तरी एकुलतं एक अंडं जातंय?"

"हो ना."

माईंनी दगडावरचा घास उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. मग डबा घेऊन आत व्हॅनमध्ये गेल्या, दार लोटून घेतलं आणि चिवडा तिथे खाल्ला. पुढचे सगळे दिवस तिथेच. पक्षी वाचले. भाऊजींच्या कप्प्यांच्या रुळांत मात्र शेव गेली आणि 'टक' ऐवजी 'कुर्रर्र' वाजायला लागलं. छोट्या व्हॅक्युम क्लीनरने रूळ साफ करायला रोज २ टक्के जात. ते त्यांनी कुणाच्या खात्यात टाकले, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

असं असूनही एक दृश्य मी विसरणार नाही. निघायच्या सकाळी पलीकडच्या भल्यामोठ्या मोटारघरातलं एक म्हातारं अमेरिकन जोडपं बोनेट उघडून उभं होतं. गाडी सुरू होईना. भाऊजींनी ते ऐंशी फुटांवरून ओळखलं. मी त्यांना इतक्या वेगाने चालताना बोहल्यावरही बघितलं नव्हतं. केबल, मीटर, टॉर्च, हातमोजे, सगळं हातात. वीस मिनिटं त्यांनी म्हाताऱ्याला व्होल्टेज समजावलं, गंजलेली टोकं घासून दिली, आपल्या बॅटरीवरून गाडी सुरू करून दिली. म्हातारीने त्यांना घरचा जॅम दिला. आमच्या बॅटरीचे किती गेले असतील? त्यांनी तिकडे बघितलंही नाही. ताई मला हळूच म्हणाली, "ऑफिसात याला आता कुणी काही विचारत नाही गं." तेवढंच बोलली, आणि कप्पे बंद करायला आत गेली.

मी परत आले. जानेवारीत फ्रीमाँटला वादळ झालं. एका रात्री झाडं पडून त्यांच्या गल्लीतली वीज गेली ती दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आली नाही. ताईने मला व्हिडिओ कॉल केला तेव्हा सगळी गल्ली काळोखी होती आणि दारातल्या पुष्पकात दिवाळी होती. आठवडाभर व्हॅन घराच्या विजेवर भरून ठेवलेली, आकडा ९८. शेजारचे चिनी आजी-आजोबा बाकावर, समोरच्या घरातलं तान्हं बाळ गरम हवेच्या झोताशी, पलीकडच्या कोपऱ्यावरचा एक तरुण, जो म्हणे दोन वर्षांत कधी 'हाय' म्हणाला नव्हता, तो मागच्या पलंगावर मांडी घालून. सगळ्यांचे फोन एका पट्टीवर ओळीने चार्ज होत होते. भाऊजी मधोमध उभे, अंगात एप्रन. तव्यावर थालीपीठ होतं.

"किती टक्के?" मी ओरडून विचारलं.

"जाऊ दे गं, खाऊ देत!" ते म्हणाले, आणि चिनी आजींना लोण्याचा गोळा वाढला. मग फोन स्वतःच्या हातात घेतला. चेहरा उजळलेला. "तुला सांगतो, ही खरी ट्रिप झाली. सगळं जसं डिझाइन केलं होतं ना, तसं चाललंय. एकूणएक सिस्टीम!"

मागून माईंचा आवाज आला. त्यांना परत जायला अजून दोन आठवडे होते.

"मंग तवा एवढं डिझेल कशापायी जाळलं रं? हितंच दारात बसलो असतो की."

"टेस्टिंगला, माई," भाऊजी म्हणाले, आणि थालीपीठ उलटलं.